मतलई

गोठोस्कर बाई फळ्यावर दोन बाण काढायच्या.
दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, खारे वारे.
रात्री जमिनीकडून समुद्राकडे, मतलई.
पाच मार्कांचा प्रश्न. मी एक बाण उलटा काढला
आणि साडेतीन मिळाले.

आता पहाटेचे तीन वाजून चार मिनिटं.
खाली वाळवंट, एकही दिवा नसलेलं,
पुढे शारजा, कुणी तांब्याची तार उलगडून टाकल्यासारखं.
धावपट्टी तीस. सगळं लावून झालंय,
उंची, वेग, फ्रिक्वेन्सी,
आणि नाहीच उतरता आलं तर कुठे वळायचं
तेही मोठ्याने म्हणून झालंय.
मागे एकशे बहात्तर माणसं
खुर्च्यांच्या पाठी सरळ करून बसलेली.

आणि कानातला आवाज म्हणतो,
चहात साखर किती, असं विचारावं तसा,
वारा फिरलाय. आता बारा.
आठ मैलांवर वळवतो. जमेल?

पट्टी तीच. डांबरही तेच, फक्त दुसऱ्या टोकाकडून.
पण समोरचा समुद्र आता पाठीशी हवा,
पाठीवरचं वाळवंट समोर,
आणि आपण अजून उंच, अजून वेगात,
कालच्या उत्तरपत्रिकेत आजचा प्रश्न सोडवत.

माझी बोटं माझ्या आधी हो म्हणतात.
ती कीबोर्डवर पोचलेली असतात.

दोन वर्षांपूर्वी अशीच पोचली होती.
तेव्हाचा कॅप्टन म्हणाला होता, टाक पटकन,
आणि मी एक आकडा चुकीचा टाकला.
विमानाने मान डोलावली
आणि अकरा सेकंद त्या चुकीच्या दिशेने
अगदी शहाण्यासारखं गेलं.
यंत्राला "अहो, पण" म्हणता येत नाही.

अति घाई, संकटात नेई.
वरंधा घाटात बाबा ही पाटी आम्हाला वाचून दाखवायचे
आणि लगेच ट्रकला ओव्हरटेक करायचे.

आज डावीकडे मुहन्नद अल-बरवानी.
त्याचे पणजोबा गलबतातून झांजिबारला जायचे
आणि वारा फिरेपर्यंत तिथेच राहायचे,
चार महिने, पाच महिने. एकदा तर लग्न करून.
हे तो जेवताना सांगतो, हसत.
आत्ता हसत नाही. नुसता तळहात वर करतो,
माझ्या बोटांसाठी.

"नाही जमणार," तो रेडिओवर म्हणतो.
"दहा मैल जास्तीचे द्या."

दिले, म्हणतो आवाज. तोच, साखरेचा.
एवढंच होतं ते.

मग समुद्रावर.
नांगर टाकलेली जहाजं, पिवळट, झोपलेली.
मी नवे आकडे वाचते, पाढ्यांसारखे नाही,
रात्री औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तसे.
तो प्रत्येकाला हं म्हणतो.
एकदा म्हणत नाही. मी पुन्हा वाचते.
आता म्हणतो.

चाकं टेकली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
पट्ट्याचा दिवा विझायच्या आत सगळे उभे,
नेहमीसारखे.

दारात एकाने माझ्या छातीवरचं 'पांगम' वाचलं
आणि मराठीत आला.
"उशीर केलात हो, मॅडम. तेच दिवे दोनदा दाखवलेत.
तेवढ्यात हैदराबादचं विमान पुढे लागलं रांगेत.
आमच्या कंपनीची बस चारला सुटते."
आवाजात राग नव्हता. वेळापत्रक होतं.
मी "सॉरी" म्हटलं. मतलई म्हणणार होते,
पण त्याच्या हातातल्या खोक्याची सुतळी सुटत होती
आणि मागची माणसं ढकलत होती.

नोंदवहीत लिहिलं: विलंब बारा मिनिटं. कारण, वारा.
मुहन्नदने सही केली. त्याचं पेन चालेना,
माझं घेतलं, परत द्यायला विसरला.

पाऊण तासाने आमची गाडी बाहेर पडली
तेव्हा तो फूटपाथवर खोक्यावर बसला होता,
फोन कानाला, कुणाला तरी खुणा सांगत.
झेंड्यांची टोकं समुद्राकडे.
त्याने वाऱ्याकडे पाठ केली होती.